गाडीतला फोन: कोणते ॲप, केव्हा आणि किती

नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरच्या अर्धवट पुलावरून एक मोटार खाली कोसळली आणि आतले तिघे दगावले. पुलाचा पुढचा भाग पुरात वाहून गेला होता. फोनमधल्या नकाशाला त्याचा पत्ता नव्हता. पुढच्याच महिन्यात गोव्याकडे निघालेले एक कुटुंब खानापूरच्या पुढे भीमगडच्या जंगलात शिरले आणि रात्रभर तिथेच अडकले. मदतीचा फोन लावण्यापुरते नेटवर्क मिळावे म्हणून त्यांना काही किलोमीटर पायपीट करावी लागली. जुलै २०२५ मध्ये नवी मुंबईत बेलापूरच्या खाडीपुलावर चढण्याऐवजी एक मोटार पुलाखालच्या रस्त्याने गेली आणि धक्क्यावरून थेट खाडीत पडली. तिथे चालक महिलेला वेळेत बाहेर काढता आले.

फोनमधल्या नकाशामागे गेलेल्या गाड्यांच्या या तिन्ही बातम्यांनंतर लोकांनी दोनच गोष्टी म्हटल्या. काहींनी म्हटले, ही ॲप्स बंद करा. काहींनी म्हटले, ॲपचा काय दोष, चालकाने डोळे उघडे ठेवायला नकोत का? या दोन्ही उत्तरांनी गोव्यात गाडी चालवणाऱ्याचे काम भागत नाही. पेडण्याहून काणकोणला जाताना वाटेत कुठे कोंडी आहे हे फोनच सांगतो आणि अपघात झाला तर १०८ ला बोलावणाराही फोनच असतो. तो गाडीत राहणारच आहे. तेव्हा त्यातली कोणती ॲप्स खरोखर कामाची, ती आतून कशी चालतात आणि त्यांना हात केव्हा लावायचा, हे नीट समजून घेतलेले बरे.

## नकाशाला रस्ता कसा कळतो

फोनमधला नकाशा दोन वेगळ्या गोष्टींवर चालतो आणि बहुतेक गोंधळ त्या दोन्ही एकच समजल्यामुळे होतात.

पहिली गोष्ट, आपण कुठे आहोत. हे काम जीपीएसचे, म्हणजे उपग्रहांकडून येणाऱ्या संकेतांवरून जागा ठरवणाऱ्या यंत्रणेचे. निदान चार उपग्रहांचे संकेत मिळाले की फोन स्वतःची जागा काढतो. उघड्या आकाशाखाली त्यात साधारण पाच मीटरची चूक राहते. दाट झाडी, डोंगराची कड किंवा उंच इमारती असल्या की ती वाढते. या कामाला इंटरनेट लागत नाही.

दुसरी गोष्ट, रस्ता कुठे आहे. हा नकाशा कंपनीच्या संगणकात असतो आणि तो बघायला इंटरनेट लागते. त्यावर गर्दीचा लाल, पिवळा, हिरवा रंग चढतो तो रस्त्यावरच्या इतर लोकांच्या फोनमुळे. शेकडो फोन किती वेगाने पुढे सरकत आहेत हे एकत्र करून कोंडीचा अंदाज बांधला जातो. म्हणून मडगाव किंवा म्हापशात हा अंदाज बहुधा बरोबर निघतो. सत्तरीतल्या एखाद्या गावच्या रस्त्यावर दुपारच्या वेळी दोनच फोन जात असतील, तर ॲपजवळ सांगण्यासारखे फारसे नसते. तरी ते काहीतरी सांगतेच, आणि तितक्याच ठाम आवाजात सांगते. ऐकणाऱ्याला भक्कम माहिती आणि पोकळ अंदाज यांतला फरक आवाजावरून कळत नाही.

मग ॲप वाट निवडते कशी? प्रत्येक रस्त्याचे छोटे तुकडे पाडलेले असतात, प्रत्येक तुकडा पार करायला किती वेळ लागेल याचा हिशेब असतो आणि ज्या तुकड्यांची बेरीज सर्वांत कमी, ती वाट पुढे येते. रस्ता किती रुंद, कडेला गटार आहे की शेत, समोरून बस आली तर मागे सरकायला जागा आहे का, यांतले फार थोडे त्या बेरजेत उतरते. गूगलने २०२४ मध्ये भारतात रस्त्याची रुंदी ओळखून चारचाकीला अरुंद गल्ल्या टाळायला मदत करणारी सोय आणली, पण सुरुवात आठ शहरांपासून केली. त्या आठांत गोव्यातले एकही शहर नव्हते.

आणखी एक मर्यादा बेलापूरच्या घटनेत दिसते. उड्डाणपूल आणि त्याच्या खालून जाणारा रस्ता नकाशावर एकावर एक पडतात. जीपीएसला उंचीचा अंदाज फारच ढोबळ असतो, त्यामुळे आपण पुलावर आहोत की पुलाखाली, हे फोनला खात्रीने ठरवता येत नाही. पणजीतल्या अटल सेतूच्या दोन्ही टोकांना नवखे चालक नेमके इथेच गोंधळतात. पुलावर चढायचे ठरले असेल तर वर लावलेले दिशाफलक वाचावेत. त्या ठिकाणी फोनपेक्षा फलक जास्त भरवशाचे.

## गोव्यात नेमके कुठे सांभाळायचे

सर्वांत आधी फेरीबोटी. रायबंदर ते चोडण, जुने गोवे ते दिवाडी, केरी ते तेरेखोल अशा वाटांवर नकाशा नदी ओलांडून सरळ पुढे जातो, कारण त्याच्या लेखी फेरीबोट हाही रस्त्याचाच एक तुकडा. नकाशावर ती तुटक रेषेने दाखवतात खरी, पण चालत्या गाडीत ती कोण बघणार? धक्क्यावरचा उतार नदीतच जातो. पावसाळ्यात रात्री भरतीच्या वेळी पाणी वर आलेले असते, उतारावर शेवाळ असते आणि पलीकडे गेलेली फेरीबोट परतलेली नसते. अशा वेळी "सरळ पुढे जा" हे वाक्य जिवावर बेतू शकते. गूगल मॅप्समध्ये मार्गाच्या पर्यायांत फेरी टाळण्याची सोय आहे. गोव्यात नव्याने येणाऱ्या पाहुण्याच्या फोनमध्ये ती निघण्यापूर्वीच चालू करून द्यावी, असे मी आग्रहाने सांगेन. फेरीबोटीनेच जायचे असेल तर धक्क्याच्या बरेच आधी थांबून बोट आली आहे का ते बघावे.

दुसरी जागा म्हणजे खाजनांचे बांध. खारे पाणी शेतात येऊ नये म्हणून पिढ्यान्‌पिढ्या राखलेले हे बांध आणि त्यांवरचे अरुंद रस्ते तिसवाडीत, बार्देशात, सासष्टीत जागोजागी आहेत. मुख्य रस्ता तुंबला की ॲप तीन मिनिटे वाचवण्यासाठी चारचाकी तिकडे वळवते. समोरून दुसरी मोटार आली की दोघेही अडकतात आणि एकाला पाण्याच्या काठाने अर्धा किलोमीटर मागे यावे लागते. वाचवलेली तीन मिनिटे तिथेच जातात, वर गावकऱ्यांची वाट अडते ती वेगळीच. वाट निवडताना फरक पाच मिनिटांच्या आत असेल तर मोठा रस्ता धरावा. गोव्यात हा नियम क्वचितच तोट्याचा ठरतो.

तिसरी गोष्ट फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. गूगलने डिसेंबर २०१७ मध्ये दुचाकीसाठी वेगळा मार्ग दाखवण्याची सोय पहिल्यांदा भारतात आणली. गोव्यात ती घरोघरी वापरली जाते. पण रोज स्कूटरवर जाणाऱ्या माणसाने रविवारी घरच्यांना घेऊन मोटार काढली आणि फोनमध्ये दुचाकीचेच चिन्ह निवडलेले राहिले, तर ॲप मोटारीला बिनदिक्कत पायवाटेएवढ्या गल्लीत नेते. नकाशाच्या वरच्या पट्टीत मोटारीचे चिन्ह आहे का, एवढे बघितले की झाले.

घाटांचा प्रश्न निराळा आहे. अनमोड आणि चोर्ला या दोन्ही घाटांत, मोले अभयारण्याच्या पट्ट्यात आणि नेत्रावळीकडे नेटवर्क मधूनमधून जाते. वाट चुकली आणि नवी वाट शोधायला इंटरनेट नसले की पडद्यावर फक्त एक निळा ठिपका उरतो. यावर उपाय सोपा. गूगल मॅप्समध्ये ऑफलाइन नकाशा उतरवून घेता येतो. घरच्या वायफायवर गोवा आणि सोबत बेळगाव, सावंतवाडी, कारवारपर्यंतचा भाग एकदा उतरवून ठेवला की नेटवर्क नसतानाही वाट दिसते. गर्दीचे रंग तेवढे दिसत नाहीत.

शिगम्याची मिरवणूक, कार्निव्हल, जत्रा, चवथीच्या बाजाराची गर्दी आणि पर्वरीत उड्डाणपुलाच्या कामामुळे बदलत राहिलेले वळणमार्ग नकाशावर उशिरा येतात, कधी येतच नाहीत. त्या दिवसांत सकाळचे वर्तमानपत्र आणि चौकातला वाहतूक पोलीस यांच्याकडची माहिती अधिक ताजी असते.

## नजर दोन सेकंद हटली तर काय होते

ताशी ६० किलोमीटरने चालणारी गाडी दर सेकंदाला सुमारे १७ मीटर पुढे जाते. फोनवर पुढचे वळण बघायला दोन सेकंद नजर खाली गेली, तर गाडी ३३ मीटर चालकाविना गेली म्हणायचे. संदेश वाचायला पाच सेकंद लागले तर ८३ मीटर. म्हापसा ते पणजी रस्त्यावर तेवढ्या अंतरात एक स्कूटर आडवी येते, एक बस अचानक थांबते आणि कडेच्या हॉटेलातून कुणीतरी रस्ता ओलांडायला निघालेला असतो.

फोन चालकाचे लक्ष तीन प्रकारे घेतो. डोळे रस्त्यावरून हटतात, हात स्टिअरिंगवरून हटतो आणि मन दुसरीकडे जाते. टायपिंग करताना तिन्ही एकदम घडतात, म्हणून ते सर्वांत वाईट. नकाशाचा आवाज ऐकताना डोळे आणि हात जागेवर राहतात, मनही क्षणभरच जाते.

गोव्यातल्या खाजगी बसचा चालक बघा. मागच्या दारात कोण उतरले, कोण चढले, हे तो वळून बघत नाही. कंडक्टर शिटी मारतो, चालक थांबतो. पुन्हा शिटी आली की निघतो. त्याला हवी तेवढीच माहिती, योग्य क्षणी, कानावाटे मिळते. फोनकडून आपल्याला नेमके एवढेच काम हवे आहे. जे ॲप असे वागू शकते ते गाडी चालताना चालू राहू द्यावे. जे ॲप बघितल्याशिवाय किंवा बोट लावल्याशिवाय चालत नाही, ते निघण्यापूर्वी तरी वापरावे किंवा गाडी थांबल्यावर. ॲप चांगले की वाईट हे ठरवायला यापेक्षा वेगळी कसोटी मला लागलेली नाही.

## "पण मी तर ब्लूटूथवर बोलतो"

ही सर्वांत जास्त ऐकू येणारी हरकत आहे आणि ती मांडणाऱ्यांना वाटते की आपण काळजीच घेत आहोत. दुर्दैवाने अभ्यास वेगळे सांगतात. १९९७ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये कॅनडातल्या चालकांचा अभ्यास छापून आला. फोनवर बोलत असतानाच्या काळात अपघाताचा धोका सुमारे चौपट होतो असे त्यात आढळले, आणि फोन हातात नसला म्हणून धोका कमी झाल्याचे दिसले नाही. जागतिक आरोग्य संघटनाही आज हेच सांगते: हँड्सफ्री फोन हातातल्या फोनपेक्षा फारसा सुरक्षित नाही.

कारण तिसऱ्या प्रकारात आहे, मनाच्या. समोरचा माणूस बोलतो, आपण उत्तर जुळवतो, तेव्हा डोळे रस्त्यावर असूनही जे दिसते त्याची नोंद होत नाही. शेजारी बसलेला माणूस बोलतो तेव्हा तो रस्ताही बघत असतो. समोर ट्रक आला की तोच गप्प होतो. फोनवरच्या माणसाला ट्रक दिसत नाही.

आवाजाने आज्ञा देण्याचेही तसेच. "आईला फोन लाव" असे बोलून सांगणे टायपिंगपेक्षा बरे, यात शंका नाही. पण अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवले की काही यंत्रणांना तोंडी आज्ञा देऊन झाल्यावरही मन पूर्णपणे रस्त्यावर परतायला २७ सेकंदांपर्यंत लागू शकतात. ताशी ४० किलोमीटरने तेवढ्या वेळात गाडी ३०० मीटर जाते.

म्हणजे ब्लूटूथवर एक शब्दही बोलू नये असे नाही. "गाडीत आहे, पोचल्यावर करतो" एवढे बोलून ठेवणे आणि घरच्या खर्चाचा हिशेब वीस मिनिटे चालवणे यांत मोठे अंतर आहे.

## निघण्यापूर्वीची तयारी

खरे काम इथे आहे. गाडी सुरू करण्याआधी ठिकाण टाकावे आणि सुचवलेली पूर्ण वाट एकदा डोळ्यांखालून घालावी: कोणत्या गावावरून जाते, कुठला पूल, कुठे मोठे वळण. एवढे मनात राहिले की नंतर ॲपने काही विचित्र सांगितले तर लगेच शंका येते. ठिकाणाचे नाव टाकताना तालुका बघावा. नेरूळ बार्देशात आहे आणि नवी मुंबईतही आहे. बेतूल केपे तालुक्यात आहे आणि मध्य प्रदेशातही.

मग आवाज. गूगल मॅप्समध्ये आवाजाचे तीन पर्याय असतात: पूर्ण सूचना, फक्त इशारे आणि बंद. अनोळखी रस्त्यावर पूर्ण सूचना ठेवाव्यात. रोजच्या वाटेवर फक्त इशारे ठेवले तर प्रत्येक वळणाचे बोलणे थांबते आणि पुढे कोंडी असेल तेवढेच कळते. हा मधला पर्याय फार थोडे लोक वापरतात, तो वापरून बघावा. इंग्रजी आवाज आपल्या गावांची नावे ओळखू येणार नाहीत अशी उच्चारतो, आणि नाव कळले नाही की नजर आपोआप पडद्याकडे जाते. म्हणून सूचनांची भाषा आपल्याला सर्वांत लवकर कळेल ती निवडावी.

फोन ठेवायची जागाही महत्त्वाची. मांडीवर, गिअरच्या कप्प्यात किंवा शेजारच्या सीटवर ठेवलेला फोन बघायला मान वळवावी लागते. डॅशबोर्डवर, नजरेच्या रेषेच्या किंचित खाली, पक्क्या होल्डरमध्ये तो असावा. समोरची काच झाकू नये आणि एअरबॅग उघडते त्या जागेसमोर होल्डर मुळीच लावू नये, कारण धक्का बसल्यावर तोच फोन तोंडावर येईल. एप्रिल-मे महिन्यांत काचेमागच्या उन्हात फोन तापतो, पडदा मंद होतो, कधी फोन बंदच पडतो. आयफोनसाठी कंपनी वापराची मर्यादा ३५ अंशांपर्यंत सांगते आणि आपल्याकडे उन्हात उभी असलेली गाडी तेवढी सहज तापते. होल्डर एसीच्या झडपेजवळ असला तर फरक पडतो.

शेवटी गप्प बसवण्याची सोय. आयफोनमध्ये ड्रायव्हिंग फोकस नावाची व्यवस्था २०२१ पासून आहे. ती गाडी चालू लागल्यावर संदेश अडवते आणि आपण निवडलेल्या लोकांना आपोआप उत्तर पाठवते. अँड्रॉइड फोनमध्ये डू नॉट डिस्टर्ब किंवा मोड्स या नावाखाली तशी सोय मिळते, कंपनीनुसार जागा थोडी बदलते. घरच्या दोनतीन क्रमांकांना सूट देता येते, त्यामुळे तातडीचा फोन चुकत नाही. बाहेरून एकही ॲप घ्यावे लागत नाही आणि माझ्या मते गाडी चालवणाऱ्याच्या फोनमध्ये यापेक्षा उपयोगी दुसरे काही नाही.

## मग कोणती ॲप्स ठेवायची

वाटेसाठी गूगल मॅप्स बहुतेकांकडे असतेच. सोबत मॅपल्स ठेवायला हरकत नाही. ते १९९५ पासून नकाशे करणाऱ्या मॅपमायइंडिया या भारतीय कंपनीचे आहे आणि मोठ्या चौकांत, पुलांच्या फाट्यांवर कोणत्या मार्गिकेतून जायचे याचे चित्र दाखवते. दोन्ही ॲप्स दोन वेगळ्या वाटा दाखवत असतील, तर तो स्वतःच एक इशारा समजावा आणि थांबून कुणाला तरी विचारावे. नकाशात दिसणारा वेगाचा आकडा उपयोगी आहे, पण वेगमर्यादा म्हणून दिसणारा आकडा रस्त्यावरच्या फलकाशी जुळत नसेल तर फलक खरा.

कागदपत्रांसाठी डिजिलॉकर आणि एमपरिवाहन ही दोन सरकारी ॲप्स आहेत. त्यांत दाखवलेला परवाना, नोंदणीपत्र, विमा कायद्याने ग्राह्य आहे. फोनच्या गॅलरीत ठेवलेला परवान्याचा फोटो मात्र ग्राह्य नाही, हा फरक लक्षात असू द्यावा. एक सावधगिरी: "तुमचे चलन फाडले आहे, हे ॲप उतरवा" असे सांगत व्हॉट्सॲपवर येणारी फाइल कधीही उघडू नये. एमपरिवाहनच्या नावाने फिरणाऱ्या अशा खोट्या फायलींनी अनेकांची बँक खाती रिकामी केली आहेत. ॲप फक्त प्ले स्टोअर किंवा ॲप स्टोअरवरूनच घ्यावे.

पावसासाठी हवामान खात्याचे मौसम आणि विजांचा इशारा देणारे दामिनी. दामिनी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने तयार केले आहे. जूननंतर घाट चढण्याआधी दोन्ही एकदा बघावीत. गाडी चालवताना ती उघडायची गरज नसते.

गाणी लावायची असतील तर यादी आधी लावून ठेवावी. व्हिडिओला चालकाच्या नजरेसमोर जागा नाही, आवाज बंद असला तरी नाही.

## कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर, गाडी चालवताना हातात फोन धरून वापरणे कलम १८४ खाली धोकादायक चालवण्यात येते. पहिल्या गुन्ह्याला १,००० ते ५,००० रुपये दंड, तीन वर्षांत पुन्हा सापडल्यास १०,००० रुपये. तुरुंगवासाचीही तरतूद आहे. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमाने एक सूट दिली: रस्ता शोधण्यासाठी फोन वापरता येईल, पण चालकाची एकाग्रता ढळणार नाही अशा रीतीने. सिग्नलला थांबून संदेश पाहणे या सुटीत बसत नाही. गाडी रस्त्याच्या मधोमध आहे आणि चालक चालवतोच आहे.

## "आमचे पोट ॲपवर आहे"

ही हरकत टॅक्सीचालकांची, आणि ती खरी आहे. २०१८ पासून गोव्यात ॲपवरची टॅक्सी आहे. भाडे आले की ते काही सेकंदांत स्वीकारावे लागते, नाहीतर दुसऱ्याला जाते. जेवण पोचवणाऱ्या मुलांचे तर सगळे कामच फोनच्या टिंगटिंगीवर चालते. त्यांना "फोन बघू नका" एवढेच सांगणे सोपे, पण त्याने काही सुटत नाही. भाडे स्वीकारण्याचे बटण चालत्या गाडीत दाबायला लावणारी रचनाच चुकीची आहे आणि ती बदलायची जबाबदारी ॲप चालवणाऱ्यांची आहे. फोनला वेग कळतो. तेव्हा चालकाच्या चालत्या गाडीला नवे भाडे न दाखवणे किंवा थांबेपर्यंत मुदत वाढवणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. चालक संघटनांनी कमिशनच्या मागणीइतक्याच जोराने ही मागणी लावून धरावी. तोवर होल्डर हाताच्या टप्प्यात ठेवणे, आधीचा प्रवासी उतरल्यावरच ऑनलाइन होणे, एवढे तरी चालकाच्या हातात आहे.

## दुचाकीवर

गोव्यात रस्त्यावर जीव गमावणाऱ्यांत सर्वाधिक दुचाकीस्वार असतात. हेल्मेट आणि गालाच्या मध्ये फोन खुपसून बोलणे इथे रोज दिसते. मान एका बाजूला कलते, त्या बाजूचा कान बंद होतो आणि तोल सांभाळायला हवी असलेली नजर अर्धी होते. दोन्ही कानांत इअरफोन घालणारा मागच्या बसचा हॉर्न ऐकत नाही. रेंट-अ-बाईक घेतलेला पाहुणा एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात ॲक्सिलरेटर धरून कळंगुटच्या गल्लीत फिरतो, तेव्हा पुढचा ब्रेक मारायला त्याच हाताचा भरवसा असतो.

वाट हवीच असेल तर मागे बसलेल्याने ऐकून सांगावी. एकटे असाल तर पुढची दोन-तीन वळणे पाठ करावीत, तिथपर्यंत जावे, कडेला थांबून पुन्हा बघावे. हँडलला फोन लावायचा असल्यास धक्के शोषणारा होल्डर घ्यावा. मोटारसायकलच्या इंजिनाच्या थरथरीने आयफोनचा कॅमेरा बिघडू शकतो असा इशारा ॲपलनेच २०२१ मध्ये दिला आहे. पावसाळ्यात ओल्या पडद्यावर बोट नीट चालत नाही आणि मग माणूस तेच बटण चारदा दाबतो. ते चालत्या दुचाकीवर करू नये.

## अपघात झाला तर

देशभरात कुठूनही ११२. गोव्यात रुग्णवाहिकेसाठी १०८. राष्ट्रीय महामार्गावर गाडी बंद पडली किंवा अडथळा असला तर १०३३. बहुतेक नव्या फोनमध्ये पॉवरचे बटण लागोपाठ पाच वेळा दाबले की आणीबाणीचा फोन लागतो. ही सोय आपल्या फोनमध्ये चालू आहे का, हे आज घरी बसून सेटिंगमध्ये बघावे. नेमकी जागा सांगायला नकाशातल्या निळ्या ठिपक्यावर बोट दाबून येणारे आकडे किंवा जागेची लिंक पाठवता येते. "धारबांदोड्याच्या पुढे कुठेतरी" यापेक्षा ती रुग्णवाहिकेला लवकर पोचवते. लांबच्या प्रवासात घरच्या एखाद्या माणसाला आपली चालू जागा तासाभरापुरती दाखवत राहण्याची सोयही आहे. तेवढा वेळ संपला की ती आपोआप बंद होते, म्हणून आपल्यावर कायमची पाळत राहील ही भीती बाळगायचे कारण नाही. "कुठे पोचलास" हे विचारायला घरून येणारे फोनही त्याने थांबतात.

## नकाशा चुकला तर तो सुधारता येतो

फेब्रुवारी २०१९ मध्ये बार्देशात कुणीतरी लावलेला एक फलक देशभर फिरला होता. गूगल मॅप्सने तुम्हाला फसवले आहे, हा रस्ता बागाच्या किनाऱ्याला जात नाही, मागे वळा, असे त्यावर लिहिले होते. वाट चुकून दारात येणाऱ्या गाड्यांना कंटाळलेल्या गावाने शोधलेला तो उपाय होता.

आज त्याच्या जोडीला दुसरा उपायही आहे. नकाशातल्या चुकीच्या रस्त्यावर बोट दाबून धरले की बदल सुचवण्याचा पर्याय येतो. रस्ता बंद आहे, एकदिशा आहे, खाजगी आहे किंवा चारचाकीसाठी नाही, असे कळवता येते, फोटो जोडता येतो. कंपनी ते तपासते आणि मान्य झाले तर सगळ्यांच्या फोनमध्ये बदलते. एकाच रस्त्याबद्दल गावातल्या चारपाच जणांनी कळवले तर दखल घेतली जाण्याची शक्यता वाढते. पंचायतीने बांधावरच्या रस्त्याला फलक लावला, एखादा पूल दुरुस्तीसाठी बंद झाला, धक्क्यावरची फेरीबोट बंद झाली, की त्याच संध्याकाळी घरी बसून कुणीतरी हे करावे. गाडी चालवताना ॲप स्वतःच विचारते, "अडथळा अजून आहे का?" त्या प्रश्नाला उत्तर देऊ नये. थोड्या वेळाने तो आपोआप निघून जातो.